घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला सोलर पॅनल जोडायचं तर: वायर, फ्यूज आणि मी केलेल्या चुका

३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेलं आणि आमच्या वाडीतली लाईट जी गेली ती जवळजवळ तीन आठवडे आलीच नाही. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. घरात इन्व्हर्टर होता, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड ऍसिडची बॅटरी होती, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच बसली. आणि त्यात गंमत म्हणजे वादळानंतर दोन-तीन दिवस असं कडकडीत ऊन पडलं होतं की कौलं तापली होती, म्हणजे डोक्यावर एवढं ऊन आणि घरात मेणबत्ती, मोबाईल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग. तेव्हाच ठरवलं की आहे त्याच बॅटरीला वरून पॅनल जोडायचं.

जोडलं पण. पहिल्यांदा चुकीचं जोडलं, मग सगळं उचकटून परत जोडलं. आता वाडीत अजून तीन घरात मी आणि आमच्या वायरमनने मिळून हेच करून दिलंय, त्यामुळे नेमकं कुठे अडतं ते बऱ्यापैकी कळलंय. एक आधीच सांगतो, लोक पॅनल किती वॅटचं यावर दोन महिने चर्चा करतात आणि वायर मात्र माळ्यावर पडलेली असेल ती वापरतात. माझीही चूक तीच होती, ती पुढे येईलच.

आधी एक गोंधळ दूर करतो. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारापर्यंत सबसिडी मिळते ती ग्रीडला (बाहेरच्या लाईनला) जोडलेल्या सिस्टीमला, म्हणजे नेट मीटरवाली, जिची उरलेली वीज लाईनला जाऊन बिलातून वजा होते. बिल शून्यावर आणायचं असेल तर ती उत्तमच. पण साधी ऑन-ग्रीड सिस्टीम लाईट गेली की स्वतःही बंद पडते, तशीच बनवलेली असते ती, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. त्यामुळे दुपारी बारा वाजता छपरावर तीन किलोवॅट पॅनल आणि खाली पंखा बंद, असं चित्र दिसतं. आपण इथे बोलतोय ते वेगळं आहे: पॅनल, मधे चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारा डबा), मग बॅटरी, आणि बॅटरीवर आधीपासून बसलेला इन्व्हर्टर. याला सबसिडी नाही, पण लाईट नसताना हेच कामाला येतं.

आधी वही घेऊन हिशोब

दुकानात जायच्या आधी एका कागदावर लिहा की लाईट गेल्यावर काय काय चालवायचंय. आमचं असं होतं: दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, ३० वॅटचे, रात्री आठ तास, म्हणजे ४८० वॅट-तास. ९ वॅटचे चार बल्ब, पाच तास, १८०. वायफायचा राऊटर १० वॅट, रात्रीचे बारा तास धरले तर १२०. बेरीज ७८०. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, डीसीचं एसी करताना साधारण १५ टक्के जातातच, म्हणजे बॅटरीतून ९२० च्या आसपास निघणार.

आता बॅटरी. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास, पण लेड ऍसिडची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, उतरवली तर पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत भंगारात. म्हणजे हातात ९००. आमचं गणित काठावर बसलं. जुने ७५ वॅटचे पंखे असते तर बसलंच नसतं, त्यामुळे पॅनल घ्यायच्या आधी पंखे बदला असं मी सगळ्यांना सांगतो, ते ऐकून लोकांची तोंडं वाकडी होतात पण तो सगळ्यात स्वस्त सोलर आहे.

पॅनल किती? आपल्याकडे पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत साधारण पाच तासांचं पूर्ण ऊन धरता येतं, आणि उष्णता, धूळ, वायर, बॅटरी हे सगळं खाऊन हातात ७० टक्के येतात. ३४० वॅट गुणिले ५ गुणिले ०.७ म्हणजे ११९० वॅट-तास, जवळजवळ सव्वा युनिट. रात्रीचे ९२० भरून दिवसाला थोडं उरतं. म्हणून मी १७० वॅटची दोन पॅनल घेतली. १५० एएचच्या ट्यूब्युलरला १५ ते २० अँपिअरने चार्ज करणं बरं, तेही यात बसतं.

पॅनलच्या पाठीवरचं स्टिकर वाचा

पॅनल उलटं केलं की मागे एक स्टिकर असतं. त्यावरचे तीन आकडे वहीत उतरवून घ्या. माझ्या १७० वॅटवाल्यावर असं होतं: काहीच न जोडता मिळणारं व्होल्टेज २२, पूर्ण ताकदीने चालताना १८.५ व्होल्ट आणि ९.२ अँपिअर, आणि दोन टोकं एकमेकांना चिकटवली तर ९.८ अँपिअर. हे सगळे आकडे २५ अंश तापमानाचे असतात. आता मे महिन्यात पॅनलवर हात ठेवून बघा, ६० अंश सहज असतं. तापलं की पॅनलचं व्होल्टेज पडतं, अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणजे ते १८.५ चे उन्हाळ्यात १६ च्या जवळ येतात. हा १६ लक्षात ठेवा.

थंडीत उलटं होतं, व्होल्टेज वाढतं. आमच्या कोकणात त्याने फार फरक नाही पडत, पण निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाचाच्या आसपास येतो तिथल्या माणसाने हिशोब करायलाच हवा. त्याने समजा मोठी ५४० वॅटची दोन पॅनल सिरीजमध्ये (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) लावली, एकेकाचं मोकळं व्होल्टेज ५० च्या जवळ, दोघांचं शंभर, आणि कंट्रोलरवर लिहिलंय जास्तीत जास्त १०० व्होल्ट, तर थंडीतल्या पहिल्या सकाळीच कंट्रोलर गेला. वॉरंटीत पण बसत नाही ते. कंट्रोलरच्या लिमिटच्या २० टक्के खाली राहा.

कंट्रोलर: स्वस्तातला की महागातला

दोन जाती आहेत, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम म्हणजे जवळजवळ एक हुशार स्विच, तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, वरचं व्होल्टेज वाया. एमपीपीटी जास्तीचं व्होल्टेज खाली आणून त्या बदल्यात अँपिअर वाढवून देतो. १२ व्होल्टचं छोटं एकच पॅनल असेल आणि वायर छोटी असेल तर पीडब्ल्यूएम चालून जातो, उगाच जास्त पैसे घालू नका. पण ७२ सेलचं ३३५ वॅटचं पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएमने लावलं तर मिळणार ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे ११७ वॅट. पैसे ३३५ चे दिले. बाजारात हे कॉम्बिनेशन सर्रास विकतात.

अजून एक फसवणूक म्हणजे डब्यावर ठळक एमपीपीटी लिहिलेलं आणि आत पीडब्ल्यूएम. हातात घेऊन बघा, खऱ्या एमपीपीटीत आत तांब्याची जाड कॉइल असते, मागे ऍल्युमिनियमचे पंखे असतात, तो वजनाला लागतो. पाव किलोचा निळा डबा ३० अँपिअरचा एमपीपीटी म्हणून देत असतील तर दुकानातून बाहेर पडा. घरी आणल्यावर खात्री करायची तर दोन पॅनल सिरीजमध्ये लावून भर उन्हात, बॅटरी भरलेली नसताना, पॅनलच्या टर्मिनलला मीटर लावा. ३० च्या वर दाखवलं तर खरा, १३-१४ वर येऊन बसलं तर नावापुरता.

माझी चूक, सविस्तर

पहिल्या वेळी मी काय केलं, दोन्ही पॅनल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली, पीडब्ल्यूएम लावला, आणि पडवीवरच्या स्लॅबपासून बॅटरीपर्यंत १५ मीटर अडीच एमएमची घरगुती वायर टाकली कारण ती घरात होती. फिटिंग झालं, लाईट पेटला, सगळे खूश. आणि महिनाभर बॅटरी १३ व्होल्टच्या पुढे हलेना. बॅटरी बदलायची वेळ आली असं दोघांनी सांगितलं. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची.

मग एका रविवारी बसून गणित केलं. वायरमधे किती व्होल्ट पडतात ते काढायचा सोपा हिशोब: अँपिअर गुणिले वायरची जाण्या-येण्याची मिळून लांबी मीटरमधे, गुणिले ०.०१७५, भागिले वायरची जाडी स्क्वेअर एमएममधे. पॅरलल असल्यामुळे १८.४ अँपिअर, लांबी १५ जाऊन १५ येऊन ३०, जाडी अडीच. उत्तर आलं ३.८६. म्हणजे पूर्ण करंट वाहिला तर वायरमधेच जवळजवळ चार व्होल्ट जातात! उन्हाळ्यात पॅनल देणार १६, त्यातले चार गेले, राहिले १२. आणि बॅटरी पूर्ण भरायला लागतात १४.४. भरणार कशी, बिचारी अर्धपोटी झोपायची रोज.

तेच दोन पॅनल सिरीजमध्ये घेतले तर व्होल्टेज दुप्पट, ३७, आणि करंट एका पॅनलएवढाच, ९.२. वायर चार एमएमची घेतली. ९.२ गुणिले ३० गुणिले ०.०१७५ भागिले ४ म्हणजे १.२ व्होल्ट. सदतीसमधले सव्वा गेले, तीन-साडेतीन टक्के, काही बिघडत नाही. म्हणून आता माझं मत पक्कं झालंय: पॅनल आणि बॅटरीत दहा मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर सिरीज आणि एमपीपीटी, दुसरा विचार नको. एवढं मात्र बघा की सिरीजमध्ये दोन्ही पॅनल एकाच वॅटची, शक्यतो एकाच कंपनीची हवीत, आणि सावली दोन्हीवर नको.

जागा आणि स्टँड

तोंड दक्षिणेला. तिरकेपणा आपल्या अक्षांशाएवढा, आमच्याकडे १८ अंशाच्या जवळ, नागपूरला २१, दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर कोणी विचारत नाही. खरा प्रश्न सावलीचा आहे. कोकणात माड नाही असं घर नाही, आणि माडाची एक झावळी पॅनलवर सावली टाकत असेल तर पॅनलचा तिसरा हिस्सा बंद होऊ शकतो, कारण आत सेल तीन गटांत नाहीतर दोन गटांत बांधलेले असतात आणि एका सेलवर सावली पडली की तो पूर्ण गट बाजूला पडतो. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, अशा तीन वेळा प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि डिसेंबरात सूर्य खाली असतो तेव्हाची सावली लांब पडते हे डोक्यात ठेवा. पाण्याची टाकी, डिश अँटेना, शेजाऱ्याचा आंबा, सगळं बघा. माडाखाली तर नकोच, सावली राहिली बाजूला, नारळ पडला तर काच गेली.

कौलांवर पॅनल टाकायचं मी टाळतो. रीप-वासे जुने असतात, आणि एकदा कौल फुटलं की पावसात घरात धार. पडवीचा स्लॅब, बाथरूमचा स्लॅब, नाहीतर खळ्याच्या कडेला काँक्रीटचे चार खांब करून जीआयचा स्टँड, यातलं काही बघा. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत राहत असाल तर नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे दोन पावसाळ्यांत गंजून जातात आणि वारा सुटला की पॅनल पतंगासारखं. पॅनल आणि स्लॅबमधे हातभर मोकळी जागा ठेवा, खालून वारा खेळला की पॅनल कमी तापतं.

आता प्रत्यक्ष जोडणी

सामान असं लागलं: चार एमएमची लाल आणि काळी सोलर डीसी केबल, उन्हापावसात टिकणारी, आतल्या तांब्याला कथिलाचा मुलामा असलेली. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडायचे) आणि ते दाबायचा क्रिंपिंगचा पक्कड. १६ अँपिअरची टू-पोल डीसी एमसीबी (प्लस-मायनस दोन्ही तोडणारा स्विच). डीसीचा सर्ज प्रोटेक्टर (आकाशातल्या विजेचा झटका अडवणारा). कंट्रोलर ते बॅटरी १० एमएमची वायर तीन मीटर, तांब्याचे लग्स (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), ४० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट. अर्थिंगची हिरवी वायर आणि रॉड. आणि एक मल्टीमीटर, तो नसेल तर हे काम हातात घेऊच नका.

डीसी एमसीबीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे वायरमनसुद्धा चुकतात. घरच्या बोर्डातली एसीची एमसीबी काढून लावली तर काय होतं, असं मला विचारलं गेलंय. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी चालूच राहते, प्लास्टिक वितळतं, आग लागते. म्हणून डीसीचीच हवी, आणि काही डीसी एमसीबींवर प्लस-मायनसची खूण असते, ती उलटी लावलीत तरी तीच गत. अजून एक, पॅनलकडची ही एमसीबी शॉर्ट झाल्यावर पडेल अशी आशा ठेवू नका. पॅनल शॉर्ट झालं तरी ९.८ अँपिअरच देतं, १६ ची एमसीबी कशाला पडेल? ती आहे ती आपल्याला काम करताना लाईन तोडता यावी म्हणून.

बॅटरीचं बरोब्बर उलटं आहे. बॅटरीची दोन टोकं चुकून जुळली तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लालबुंद होतो, वायर पेटते. म्हणून ४० चा फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात पाहिजे. कंट्रोलरजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर उंदराने कुरतडली तर तिला वाचवणारं कोणी उरत नाही. आणि हो, कोकणात उंदीर वायर कुरतडतातच, केबल पाइपातून न्या.

कामाच्या दिवशी क्रम असा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. इन्व्हर्टरचा मेन आणि पुढचा स्विच दोन्ही बंद. पॅनल स्टँडवर बसवून त्यावर ताडपत्री नाहीतर जाड गोधडी टाका, कारण ऊन असेपर्यंत पॅनलला ऑफ बटण नसतं. एका पॅनलचा प्लस दुसऱ्याच्या मायनसमध्ये, कनेक्टर टिक करून बसला पाहिजे. मग दोन टोकं उरतात, एकीकडचा प्लस, दुसरीकडचा मायनस, ती दोन्ही खाली आणायची. एमसी४ क्रिंप करून झाल्यावर ओढून बघा. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात पण नीट बसत नाहीत, तिथे गरम होतं, त्यामुळे जोडी एकाच कंपनीची. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न जाता तिथेच ठिबकेल.

पॅनलच्या आणि स्टँडच्या फ्रेमला हिरवी वायर लावून अर्थिंगला. जांभ्याच्या कातळात अर्थिंग लागत नाही ही आमची कायमची रड, त्यामुळे रॉड ओलीच्या जागी टाका, न्हाणीच्या पाण्याजवळ नाहीतर माडाच्या आळ्यात, आणि घरच्या अर्थिंगला जोडून घ्या.

खाली कंट्रोलर भिंतीवर, बॅटरीच्या बाजूला, बरोबर वर नाही. लेड ऍसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो, आणि वर ठिणगी पाडणारी वस्तू नको. बॅटरीची जागाही हवेशीर पाहिजे, देवघराच्या खालच्या कपाटात कोंडलेली नको, मी पाहिलंय असं एका घरात, वर समई आणि खाली बॅटरी!

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज बघून ठरवतो की सिस्टीम १२ ची की २४ ची. आधी पॅनल जोडलं तर त्याला ३७-४० व्होल्ट दिसतात, बॅटरीचा पत्ता नाही, आणि तो चुकीचं ठरवतो किंवा सरळ जळतो. तर १० एमएमच्या वायरी कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलला घट्ट करा, मग बॅटरीचा मायनस, मग प्लस, आणि शेवटी फ्यूज घाला. डिस्प्ले लागला पाहिजे. इन्व्हर्टरच्या वायरी बॅटरीवर आहेत तशाच राहू द्या, कंट्रोलरच्या वायरी त्यांच्या बाजूला त्याच बोल्टवर येतात. कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेलं जे लोड टर्मिनल असतं त्याला इन्व्हर्टर कधीच जोडायचा नाही, ते छोट्या डीसी बल्बसाठी आहे, इन्व्हर्टरने ते पहिल्याच दिवशी जळतं.

मेनूत जाऊन बॅटरीचा प्रकार निवडा. ट्यूब्युलर असेल तर फ्लडेड (पाणी घालायची), पूर्ण चार्ज १४.४, फ्लोट (भरल्यावर नुसतं टिकवून ठेवायचं व्होल्टेज) १३.६ ते १३.८. लिथियम फॉस्फेट असेल तर लिथियमचंच सेटिंग, १४.२ ते १४.६ च्या आत, आणि त्यात इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) नावाचा प्रकार बंद आहे ना ते बघा, तो लेड ऍसिडसाठी असतो.

आता ताडपत्री काढा, एमसीबी बंदच ठेवा, आणि एमसीबीच्या वरच्या बाजूला मीटर लावा. मीटर डीसीवर, २०० च्या रेंजवर. ४० ते ४४ दिसलं आणि मायनसचं चिन्ह आलं नाही तर सगळं बरोबर. मायनस आलं तर कनेक्टर उलटे भरलेत, इथेच सुधारा. एक-दोनदा माझ्याकडून झालंय हे, मीटर लावल्याशिवाय एमसीबी वर केली असती तर कंट्रोलर गेला असता. सगळं ठीक असेल तर एमसीबी वर. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी बॅटरी थोडी उतरलेली असेल तर १८-१९ अँपिअर दिसायला हवेत, सकाळी आठ-नऊला पाच-सहा, ढगाळ असेल तर तीन-चार. पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येक जोडाला हात लावून बघा, जो गरम लागेल तो ढिला आहे.

इन्व्हर्टर सोलरला काम करूच देत नाही

जोडणी बरोबर, मीटर बरोबर, तरी पॅनलकडून एक-दीड अँपिअरच येतो अशी तक्रार मला सगळ्यात जास्त येते. कारण साधं आहे. तुमचा इन्व्हर्टर लाईट असताना रात्रभर बॅटरी भरत बसतो, सकाळी बॅटरी फुल, मग सूर्य उगवला तरी सोलरला भरायला जागाच नाही, कंट्रोलर फ्लोटवर जाऊन बसतो. म्हणजे तुम्ही पॅनल घेतलं आणि बॅटरी चालली लाईट बिलावर.

बाजारात यासाठी सोलरचं तयार युनिट मिळतं जे ऊन असलं की इन्व्हर्टरचा मेन आपोआप तोडतं. आम्ही स्वस्तातला मार्ग धरला, इन्व्हर्टरच्या इनपुटला एक वेगळा स्विच. सकाळी नऊला तो बंद करायचा. मग घरचे पंखे-बल्ब बॅटरीवर येतात आणि बॅटरी पॅनलवर, दिवसभर बिल पडत नाही. संध्याकाळी सहाला कंट्रोलरवर व्होल्ट बघायचे. १२.५ च्या वर असेल तर रात्रीही बंद राहू दे, १२.२ च्या खाली असेल तर मेन चालू. इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडेपर्यंत थांबू नका, तो साडेदहा-अकरा व्होल्टपर्यंत ओढत नेतो, तोवर बॅटरीचं रक्त आटलेलं असतं. आणि प्लग ओढून काढायची सवय लावू नका, प्लगबरोबर इन्व्हर्टरचं अर्थिंगही सुटतं. स्विचच हवा, तो लायसन्सवाल्या वायरमनकडून बसवून घ्या, २३० व्होल्टच्या बाजूला आपली हौस नको. आमच्याकडे हे काम आई बघते, दिवसातून दोनदा, दूध तापवायला ठेवलं की एक नजर डिस्प्लेवर.

इन्व्हर्टरला चार्जिंग करंट कमी-जास्त करायचं सेटिंग असेल तर कमीवर ठेवा. मेनचे १५ आणि सोलरचे २० एकदम गेले तर १५० एएचची बॅटरी तापते आणि पाणी भराभर उडतं.

पाणी, मीठ, पाऊस

ट्यूब्युलरचं पाणी महिन्यातून एकदा बघा, सोलर लावल्यावर ते जास्त लागतं. डिस्टिल्ड वॉटरच, विहिरीचं नाही, आरओचंही नाही, आणि बॅटरी चार्ज झाल्यावर भरा, आधी भरलं तर चार्जिंगमध्ये ऍसिड उतू जातं. हायड्रोमीटर असेल तर पूर्ण भरलेल्या बॅटरीचं रीडिंग सगळ्या खणांत १२४० च्या आसपास आणि एकमेकांना जवळ हवं, एखादा खण एकटाच खाली असेल तर तो जाणार. टर्मिनलला व्हॅसलीन, हिरवी पूड धरलीच तर सोडा घातलेल्या गरम पाण्याने पुसायची, पाणी खणात जाऊ न देता.

पॅनल पुसायचं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. समुद्राजवळ काचेवर मिठाचा पापुद्रा बसतो तो नुसत्या फडक्याने निघत नाही, साधं पाणी आणि मऊ कापड. माकडांवर उपाय नाही.

जून ते सप्टेंबर फार अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे जुलैत सलग चार-पाच दिवस असे जातात की दिवसभरात बॅटरी पाव भरत नाही, तेव्हा तो नऊ वाजताचा स्विच बंद करायचाच नाही, सरळ मेनवर ठेवायचं. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात विजा कडकडायला लागल्या की सगळ्यात आधी एमसीबी खाली, आणि ती खाली केल्यावरच बॉक्सजवळचे एमसी४ सुटे. चालू लाईनमधून एमसी४ ओढला तर ठिणगी बोटांजवळ होते. सर्ज प्रोटेक्टर लांबच्या विजेला पुरतो, अंगणातल्या माडावर पडली तर त्याच्याने काही होणार नाही, सुटी करून ठेवलेली केबलच वाचते. वादळाचा इशारा असेल तर मी दोन्ही पॅनल सरळ काढून पडवीत आणून ठेवतो, आठ बोल्ट आहेत, दोन माणसं आणि अर्धा तास. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेच्या वेळी तसंच केलं होतं, तिसऱ्या दिवशी परत चढवली आणि रात्री पंखे चालू होते.